पाठीखाली काय, उशाला काय?

ट्रेकच्या सॅकचं वजन कसं उतरवायचं यावर गेल्या वेळी लिहिलं होतं. प्रश्न येतील ते तंबूबद्दल आणि स्टोव्हबद्दल, असं वाटलं होतं. आले ते जवळजवळ सगळे झोपेबद्दल. सॅक हलकी झाली, दिवसाचं चालणं सोपं झालं आणि रात्री डोळ्याला डोळा लागेना, अशी तक्रार बऱ्याच जणांची आहे. साहजिक आहे. वजन काट्यावर दिसतं, झोप दिसत नाही, म्हणून कात्री आधी तिच्यावर चालते. मॅट आणि उशीबद्दलचे सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मी कायम कुशीवर झोपते. घडीची, दोन सेंटिमीटर जाड फोमची कॅरीमॅट वापरते. पहिले दोन तास बरे जातात, मग खुबा टोचायला लागतो, खांदा दुखतो, खालच्या हाताला मुंग्या येतात. हवेची मॅट घेतली तर फरक पडेल का? किती जाड घ्यावी?

पडेल, आणि पहिल्याच रात्री कळेल. उताणं झोपलं की अंगाचा भार पाठ, पुठ्ठे, पोटऱ्या, टाचा असा बऱ्याच जागी वाटला जातो. कूस घेतली की तोच भार मुख्यतः दोन ठिकाणी उतरतो, खांदा आणि खुबा. दोन्हीकडे हाड कातडीच्या अगदी जवळ. तिथे दोन सेंटिमीटरचा फोम पुरता दबतो आणि त्याच्याखाली जमीनच लागते. मुंग्या येतात त्या खांद्याखाली नसा दबल्या म्हणून.

कुशीवर झोपणाऱ्यांनी हवेच्या मॅटमध्ये साडेसात सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये, असं माझं मत आहे. पण जाड मॅट घेऊनही अनेक जण तक्रार करतात, कारण ते ती ढोलकीसारखी टणक फुगवतात. टणक मॅट म्हणजे जमिनीपासून वर उचललेली दुसरी जमीन. पूर्ण फुगवा, त्यावर कुशीवर आडव्या व्हा, डोक्याखाली रोजची उशी घ्या, आणि मग व्हॉल्व्ह किंचित उघडून हवा थोडी थोडी सोडत जा. खुबा आणि खांदा आत बुडायला लागतील. खुब्याखाली मॅट आणि जमीन यांच्यात बोटभर-दोन बोटं हवा शिल्लक राहील तिथे थांबा. उठून बसलात की बूड जमिनीला टेकेल. टेकू द्या, बसायला मॅट घेतलेली नाही.

रुंदीकडेही बघा. नेहमीची मॅट ५१ सेंटिमीटर रुंद असते. उताण्या माणसाला ती पुरते, म्हणजे हात पोटावर ठेवले तर. कुशीवर झोपणारा गुडघे दुमडतो आणि दुमडलेले गुडघे मॅटबाहेर पडतात. ६४ सेंटिमीटरची रुंद मॅट साधारण शंभर ग्रॅमने जड होते. हे शंभर ग्रॅम मी दुसरीकडून कुठूनही काढेन, इथून नाही.

एक गैरसमजही दूर करतो. हवेची मॅट म्हणजे जड, असं समजून लोक कॅरीमॅटला चिकटून राहतात. पूर्ण लांबीची घडीची कॅरीमॅट ४०० ग्रॅमच्या आसपास भरते. आजच्या हलक्या, आत ऊब धरणारे थर असलेल्या हवेच्या मॅट ३५० ते ५०० ग्रॅममध्ये येतात आणि पाण्याच्या बाटलीएवढ्या गुंडाळतात. फरक वजनाचा नाही. किंमत जास्त, रोज फुगवण्याची कटकट आणि पंक्चरची धास्ती, हे तीन तोटे. कॅरीमॅट दगडावर टाका, काट्यावर टाका, वाटेत बसायला उघडा, तिचं काही बिघडत नाही. तुम्ही उताण्या झोपणाऱ्या असतात तर तीच वापरा म्हणालो असतो.

प्रश्न : आठ सेंटिमीटर जाड हवेची मॅट घेतली. रात्री पाच अंशांच्या आसपास तापमान होतं आणि माझी स्लीपिंग बॅग शून्य अंशाची आहे. पोटावर, छातीवर ऊब होती, पाठ मात्र रात्रभर गार. बॅग बदलावी का?

बॅगेला हात लावू नका. दोष खालचा आहे.

स्लीपिंग बॅग ऊब देते ती तिच्यातल्या पिसांच्या किंवा तंतूंच्या फुगीरपणामुळे. त्यात अडकलेली स्थिर हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. तुम्ही तिच्यावर झोपलात की पाठीखालचा भाग चेपून कापडासारखा पातळ होतो. म्हणजे पाठीखाली तुम्हाला बॅग जवळपास नाहीच. बॅगेवरचा अंशांचा आकडासुद्धा मॅट गृहीत धरूनच काढलेला असतो. प्रयोगशाळेत तापवलेला पुतळा बॅगेत घालून झोपवतात तो ऊब राखणाऱ्या मॅटवर, उघड्या फरशीवर नाही.

आता तुम्ही म्हणाल, आठ सेंटिमीटर हवा खाली होती की. होती, पण मोकळी होती. हवा ऊब धरते ती बारीक कप्प्यांत अडकून पडली तर. मोठ्या पोकळीत तुम्ही कूस बदललीत की सगळी हवा ढवळून निघते. शिवाय वरच्या उबदार कापडाकडून खालच्या गार कापडाकडे उष्णता नुसत्या प्रारणाने, मधल्या हवेला न जुमानता, जात राहते. म्हणून चांगल्या मॅटमध्ये दोन प्रकारचे उपाय असतात. काहींत चकचकीत परावर्तक पडदे ताणलेले असतात, ते प्रारण उलटं फिरवतात. काहींत तंतू किंवा पिसं भरलेली असतात, ती हवेला जागच्या जागी धरून ठेवतात. तुमच्या मॅटमध्ये यातलं काहीच नसावं. तळ्यात तरंगायच्या गाद्या अशाच असतात, आणि बऱ्याच स्वस्त ‘कॅम्पिंग मॅट’ही.

जाडीवरून ऊब कळत नाही, ती आर-व्हॅल्यूवरून कळते. उष्णतेला मॅट किती अडवते त्याचं हे माप. आकडा मोठा तितकी ती गरम. पूर्वी प्रत्येक उत्पादक आपल्या पद्धतीने हे मोजायचा आणि दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नसायचा. २०१८ मध्ये एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एफ ३३४० हे प्रमाण आलं, आणि २०२० च्या सुमारास मोठ्या उत्पादकांनी ते उचललं. फुगवलेली मॅट एका गरम आणि एका थंड पत्र्यामध्ये ठेवायची आणि गरम पत्र्याचं तापमान टिकवायला किती ऊर्जा लागते ते मोजायचं, अशी ही सरळ पद्धत. जुनी वापरलेली मॅट कोणाकडून घेत असाल तर तिच्यावरचा आकडा या प्रमाणाआधीचा असू शकतो, हे ध्यानात ठेवा.

आकड्यांचा अंदाज असा. आत काहीच नसलेली हवेची मॅट १ च्या आसपास. घडीची कॅरीमॅट २. हलकी, थर असलेली हवेची मॅट ४ ते ५. बर्फासाठीच्या मॅट ६ च्या वर, काही ७ च्याही. रात्रीचं तापमान दहा-बारा अंशांच्या खाली जात नसेल तर २ भागतं. शून्यापर्यंत उतरणार असेल तर मी ४ च्या जवळपास राहतो. जमीन गोठलेली असेल तर ५ च्या पुढे, बर्फावर ६ च्या पुढे. थंडी लवकर वाजणाऱ्यांनी प्रत्येक ठिकाणी एकेक वाढवून घ्यावा. ओली जमीन आणि खडक पाठीची ऊब कोरड्या पालापाचोळ्यापेक्षा फार वेगाने ओढतात, तेव्हा फक्त हवामानाचा अंदाज बघून ठरवू नका.

आणि हे आकडे बेरजेत चालतात. तुमची सध्याची मॅट १ ची धरली आणि खाली २ ची कॅरीमॅट घातली तर ३ झाले; पाच अंशांच्या रात्रीला बहुतेकांना ते पुरतील. ४.५ च्या मॅटखाली तीच कॅरीमॅट टाकलीत तर ६.५. कॅरीमॅट वर घ्यावी की खाली, यावर लोक हिरिरीने भांडतात. बेरीज दोन्हीकडे तीच येते. मी खाली घालतो, कारण मग काटे आधी तिला भेटतात.

आधीच बाहेर असाल आणि पाठ गारठली असेल तर सॅक रिकामी करून पाठीखाली सरकवा, न घातलेले कपडे मॅट आणि बॅग यांच्यामध्ये पसरा. कंबर आणि खांदे आधी सांभाळा. पाय थोडे गार राहिले तर एक जोड मोजे चढवून भागतं.

प्रश्न : पूर्ण लांबीच्या १८३ सेंटिमीटरच्या मॅटऐवजी १२० सेंटिमीटरची घेतली तर शंभरेक ग्रॅम वाचतात. पाय रिकाम्या सॅकवर ठेवायचे, असं ऐकलं. करून बघावं का?

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण ज्याने काढली तो बहुधा पाऊण लांबीच्या मॅटवर झोपला असावा.

युक्ती खरी आहे, पण ती फोमच्या काळातली. कॅरीमॅट दोन सेंटिमीटरची, रिकामी सॅकही साधारण तेवढीच. पाय आणि पाठ एका पातळीत राहतात. हवेची जाड मॅट गुडघ्यापाशी संपली की पुढे सात-आठ सेंटिमीटरची पायरी तयार होते. पोटऱ्या कडेवर टेकतात, टाचा खाली लोंबतात आणि गुडघ्यांना मागे ताण बसतो. सॅक, दोरी, पावसाळी जाकीट असं सगळं रचून ती पायरी भरता येते, पण झोपेत पाय हलला की रचलेलं कोसळतं. म्हणून कॅरीमॅट हवी तर बिनधास्त कापा (मी माझी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत ठेवली आहे), जाड हवेची मॅट मात्र पूर्ण लांबीची घ्या.

उंच लोकांसाठी एक सूचना. उशीही मॅटवरच ठेवावी लागते, कारण मॅटबाहेर ठेवली तर ती मॅटच्या जाडीइतकी खाली जाते. त्यामुळे १७८ सेंटिमीटरच्या पुढच्या माणसाला १८३ ची मॅट प्रत्यक्षात तोकडी पडते. १९६ ची मिळते, ती बघा.

प्रश्न : मी उशी नेते म्हणून बरोबरचे हसतात. कपडे पिशवीत भरले की झाली उशी, असं त्यांचं म्हणणं. मला तशी झोप लागत नाही आणि सकाळी मान अवघडते. चूक माझी की पिशवीची?

हसणाऱ्यांपैकी किती जण उताणे झोपतात ते एकदा विचारा. उताण्या माणसाला उशीचं फार काम नसतं. मानेची खोलगट जागा भरली आणि डोकं थोडं वर आलं की झालं, त्यासाठी घडी केलेला शर्टही चालतो. पालथ्या झोपणाऱ्याला तर उशी नसलेलीच बरी. कुशीवर झोपणाऱ्याचं गणित वेगळं आहे. त्याच्या कानापासून मॅटपर्यंत खांद्याच्या रुंदीएवढं अंतर असतं आणि पाच किलोच्या आसपास वजनाचं डोकं त्या अंतरावर रात्रभर तोलून धरायचं असतं. ते अंतर भरलं नाही तर मान एका बाजूला वाकून राहते. मग सकाळी सॅकचा पट्टा खांद्यावर चढवताना काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

कपड्यांच्या पिशवीची माझी मुख्य तक्रार मऊपणाची नाहीच. ती भरवशाची नाही, ही आहे. थंडी जास्त पडली की जाकीट अंगावर चढतं, म्हणजे ज्या रात्री झोप सगळ्यात जास्त हवी त्याच रात्री उशी अंगात घातलेली असते. पावसात कपडे भिजले तर उशी ओली. हलकी सॅक म्हणजे मुळात जास्तीचे कपडे नसणारी सॅक. मग पिशवीत भरायचं काय? पूर्वी मी बूट उलटे ठेवून त्यावर टोपी टाकून झोपायचो आणि ते अभिमानाने सांगायचो. आता त्या काळाबद्दल कमी बोलतो.

हवेची उशी ६० ते १०० ग्रॅममध्ये मिळते. तिच्याशी लोकांचं पटत नाही, कारण मॅटसारखीच तिलाही ते गच्च फुगवतात आणि मग फुग्यावर डोकं ठेवल्यासारखं होतं. अर्धी फुगवा, डोकं ठेवून कूस घ्या, नाक छातीच्या हाडाच्या रेषेत येईपर्यंत हवा सोडा किंवा भरा. दुसऱ्याला बघायला सांगा. कण्याची रेष मानेपाशी वर किंवा खाली वळलेली नको. एक गोष्ट हमखास विसरली जाते. जाड मॅटवर खांदा आत बुडतो, म्हणून तिथे घरच्यापेक्षा बुटकी उशी लागते. कॅरीमॅटवर खांदा बुडत नाही, तिथे उंच लागते. मॅट बदललीत तर उशीची उंचीही नव्याने जुळवा.

माझी स्वतःची पद्धत दोन्हींच्या मधली आहे. खाली अर्धवट फुगवलेली छोटी हवेची उशी, तिच्यावर मऊ लोकरी टोपी किंवा सुका टी-शर्ट, आणि सगळ्यावर गळ्यातला बफ, म्हणजे नळीसारखा कापडी गळपट्टा, खोळीसारखा चढवलेला. उंची हवेने मिळते, मऊपणा कापडाने, आणि गालाला प्लास्टिकचा घाम येत नाही. कपडे अंगावर घ्यावे लागले तरी उंची जागेवर राहते. फोमचा चुरा भरलेल्या उशाही असतात आणि आरामाच्या बाबतीत त्या सरस आहेत, पण वजन दोनशे ग्रॅमच्या पुढे जातं आणि सॅकमध्ये जागा फार खातात. मान आधीच दुखरी असेल तर मी तेही वजन उचला म्हणेन. हसणाऱ्यांना हसू द्या.

प्रश्न : हवेची उशी रात्रभर निसटते. सकाळी ती तंबूच्या कोपऱ्यात सापडते.

गुळगुळीत मॅटवर गुळगुळीत उशी, दुसरं काय होणार! तुमच्या बॅगेला टोपडं असेल तर उशी त्याच्या आत घाला. सगळ्यात सोपा इलाज तोच. क्विल्ट, म्हणजे बॅगेऐवजी अंगावर घ्यायची हलकी रजई, वापरत असाल तर एक टी-शर्ट मॅटच्या वरच्या टोकावर गिलाफासारखा ओढा आणि उशी त्याच्या आत सरकवा. काही उशांना कडेला फासे असतात, त्यांतून बारीक इलॅस्टिक दोरी घेऊन मॅटखालून बांधता येते. कायमचा बंदोबस्त हवा असेल तर उशीच्या खालच्या बाजूला शिवणी बुजवायच्या सिलिकॉनचे मुगाएवढे ठिपके द्या आणि दिवसभर वाळू द्या. तेच ठिपके मॅटच्या तळाला दिले तर उतारावर मॅट घसरत जाते तेही थांबतं.

प्रश्न : मॅट संध्याकाळी गच्च फुगवतो, पहाटे मऊ झालेली असते. घरी पाण्यात बुडवून बघितली, एकही बुडबुडा नाही. व्हॉल्व्ह खराब आहे का?

बहुतेक काहीच खराब नाही. तोंडाने भरलेली हवा शरीराइतकी नाही तरी त्याच्या जवळपास गरम असते. रात्री ती थंड होते आणि आक्रसते. दर दहा अंशांना साधारण साडेतीन टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तुम्ही झोपलेले असताना मॅटच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम दोन-तीन टक्क्यांनीच जास्त असतो. तेवढ्यावर तुम्ही तरंगत असता. त्यामुळे थोडी हवा आक्रसली तरी खुब्याला लगेच कळतं. संध्याकाळी लवकर मॅट फुगवून ठेवा, जेवण आवरा, आणि झोपण्याआधी गार झालेल्या मॅटमध्ये चार फुंका आणखी मारा.

घरी, एकाच तापमानाच्या खोलीत, वर वजन ठेवूनही मॅट रातोरात बसत असेल तर मात्र छिद्र शोधा. आधी व्हॉल्व्ह बघा. वाळूचा एक कण अडकला तरी तो गळतो. मग मॅट गच्च फुगवून साबणाचं पाणी स्पंजने फिरवा, शिवणींपाशी जास्त वेळ द्या. बाहेर साबण नसतो. तिथे ओला गाल किंवा ओठ कापडाजवळून हळूहळू फिरवायचा, गार फुंकर लगेच जाणवते. जागा सापडली की पेनने गोल करा, नाहीतर हवा काढल्यावर ती पुन्हा सापडत नाही. सॅनिटायझरने पुसा, पूर्ण सुकू द्या आणि मग ठिगळ लावा. घाई केली की ठिगळ निघतं.

फुगवण्यासाठी पंपाची पिशवी वापरा. पन्नास-साठ ग्रॅमची असते, आणि इतर वेळी तिच्यात कपडे भरता येतात. तोंडच्या वाफेतला ओलावा आत साचून बुरशी धरते, आणि पिसं भरलेल्या मॅटमध्ये तर ओल पिसांचा फुगीरपणाच मारते. दिवसभर चढून आल्यावर भोवळ येईपर्यंत फुंकत बसण्याचीही काही गरज नाही.

आणि फुगवलेली मॅट उन्हात कधीही सोडू नका. मी एकदा दव वाळवायला ती खडकावर ठेवली आणि पाणी आणायला गेलो. परत येईपर्यंत हवा तापून आतल्या दोन नळ्यांमधला जोड सुटला होता आणि मॅटच्या मधोमध कलिंगडाएवढा फुगा आला होता. याला ठिगळ नसतं. पुढच्या तीन रात्री मी त्या कलिंगडाच्या कडेकडेने झोपलो.

प्रश्न : मॅटचा चुरचुर आवाज येतो, शेजारचा वैतागतो.

आतल्या परावर्तक पडद्याचा आवाज आहे. थोडी हवा कमी करा, वर पातळ सुती चादर किंवा लायनर (स्लीपिंग बॅगेत घालायचं पातळ अस्तर) घाला, खाली कॅरीमॅट असेल तर उत्तम. तंतू भरलेल्या मॅट जवळपास मुक्या असतात, पण तेवढ्याच उबेला जरा जड. शेजाऱ्याला कानात घालायचे बोळे द्या. दोन ग्रॅममध्ये दुसरा इलाज मला माहीत नाही.

प्रश्न : साठी ओलांडली आहे. चालायला अजून त्रास नाही, पण जमिनीवरून उठताना कंबर आणि गुडघे बोलतात. हलक्या सामानाच्या नादात मी काय सोडू नये?

मॅटची जाडी. दहा सेंटिमीटरपर्यंतच्या मॅट मिळतात, आणि उठताना त्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटरचाही आधार वाटतो. उठायचं ते सरळ बसून नाही. आधी कुशीवर वळा, कोपर टेका, मग गुडघे खाली घ्या. गुडघ्यांनी मॅटवर उभं राहू नका, सगळा भार दोन बिंदूंवर येतो आणि खाली खडा असेल तर मॅट तिथेच जाते. गुडघ्यांखाली कॅरीमॅटचा एक तुकडा ठेवा.

फुंकून दम लागत असेल आणि पंपाचीही कटकट नको असेल तर आपोआप फुगणारी मॅट आहे. हवाबंद कापडाला आतून सच्छिद्र फोम चिकटवलेला असतो. व्हॉल्व्ह उघडला की दबलेला फोम उलगडतो आणि हवा आत ओढतो. बोइंगमधली नोकरी गेलेल्या दोन अभियंत्यांनी एका तिसऱ्या गिर्यारोहक मित्राबरोबर १९७२ मध्ये सिअॅटलमध्ये याचा उद्योग सुरू केला, तीच थर्म-अ-रेस्ट. त्याआधी हलकेपणा हवा तर कडक फोम आणि मऊपणा हवा तर जड रबरी गादी, एवढाच पर्याय होता. आजही ही मॅट भरवशाची आहे, अंगाखाली डुचमळत नाही, भोक पडलं तरी फोमचा थोडा आधार उरतो. पण पूर्ण लांबीची बहुतेकदा सहाशे ग्रॅमच्या पुढे जाते आणि जाडी तीन-चार सेंटिमीटर. उताणे झोपत असाल तर विचार करा. कुशीवर असाल तर हवेची जाड मॅट आणि शंभर ग्रॅमच्या आत-बाहेरचा छोटा विजेचा पंप, असा जोड मला जास्त पटतो.

कोणीतरी तुम्हाला एमा गेटवुड यांचं उदाहरण देईलच. १९५५ साली वयाच्या ६७ व्या वर्षी या आजी अमेरिकेतली तीन हजार किलोमीटरहून लांब अपालाचियन ट्रेल एकट्या चालल्या. खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी, तीत लष्करी ब्लँकेट आणि शॉवरचा प्लास्टिकचा पडदा; तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण त्यांच्या नावाने दुसऱ्याची मॅट काढून घेणारे सहसा तिशीतले असतात.

प्रश्न : दोन झाडांमध्ये झोळी बांधून झोपतो, तिथे तरी मॅट नको ना?

झोळीत खालून वारा लागतो, म्हणजे पाठ जमिनीपेक्षाही लवकर गारठते. मॅट झोळीत घसरत राहते आणि कडा वर येतात, तरी नसण्यापेक्षा बरी. पातळ आणि रुंद फोम त्यातल्या त्यात नीट बसतो. खरा इलाज झोळीच्या बाहेरून खाली लटकवायची रजई. ती चेपत नाही, म्हणून पूर्ण ऊब देते. उशी मात्र इथे जवळपास लागत नाही, झोळीच्या वळणानेच डोकं वर येतं.

प्रश्न : दुकानात मॅटवर पाच मिनिटं झोपून बघितलं तर अंदाज येतो का?

रुंदीचा येतो, आवाजाचा येतो, व्हॉल्व्ह हाताला सोपा आहे का तेही कळतं. आरामाचा येत नाही. कोणतीही मॅट पहिली वीस मिनिटं चांगलीच वाटते. खुबा बोलायला लागतो तो दोन तासांनी. परत घेण्याची सोय असेल तिथूनच घ्या आणि घरी एक पूर्ण रात्र झोपा. पलंगावर नाही, गादीवर नाही, उघड्या फरशीवर, खिडकी उघडी ठेवून, आपल्याच स्लीपिंग बॅगेत आणि नेणार ती उशी घेऊन. फरशी बऱ्यापैकी गार असते, त्यामुळे पाठीच्या उबेचाही थोडा अंदाज मिळतो. मध्यरात्री उठून पलंगावर गेलात तर कशामुळे उठलात ते तेव्हाच टिपून ठेवा, सकाळी आठवत नाही. खुबा किंवा खांदा दुखला असेल तर आधी हवा कमी करून दुसरी रात्र काढा, मगच मॅट बदलायचं बघा. मान दुखली असेल तर उशीची उंची. गार लागलं असेल तर आर-व्हॅल्यूचा आकडा कमी पडतोय, त्याला हवा कमी-जास्त करून काही होत नाही.

घरात मांजर असेल तर त्या रात्री खोलीचं दार लावून घ्या.